डोंगरवाटांवर सायकल, मराठवाडा: मुरूम, चर, काटे आणि तलावांचे काठ

गायवाट

पाऊस उघडला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हैसमाळकडं कच्ची वाट आहे का, बीडला कुठं फिरायचं, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं टायर) करू का. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलीत, ती इथं येऊ द्या. निसर्गवर्णन नको. जमीन कसली, चढ कसा, कुठल्या महिन्यात जायचं आणि काय बिघडतं एवढं लिहा. डांबरी घाटांची चर्चा दुसरीकडं चालू आहेच.

जमिनीपासून सुरू करतो. आपला सगळा डोंगर बेसाल्टचा, थरावर थर. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याच्या पायथ्याशी सपाट पट्टा तयार होतो. त्यामुळे अजिंठ्याची रांग घ्या नाहीतर बालाघाट, उतार सलग नसतो, टप्प्याटप्प्यानं असतो. सायकलची वाट अशा एका टप्प्यावरून डोंगराला वळसा घालत जाते. गुरं नेमकं हेच करतात. म्हणून जुनी गायवाट बहुतेक वेळा चालवता येते आणि देवळाकडं नाकासमोर चढवलेली पाऊलवाट बहुतेक वेळा खांद्यावर सायकल घ्यायला लावते.

नकाशा बघताना एक धोका लक्षात ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांत २० मीटरचं अंतर असतं. १२-१५ मीटरचा उभा कडा त्या दोन रेषांच्या मधे सहज लपतो आणि नकाशावर साधा उतार दिसतो. त्यासाठी उपग्रह चित्र सोबत उघडा. ही चित्रं बहुधा सकाळची असतात, त्यामुळे पश्चिमेला किंवा उत्तरेला तोंड असलेला कडा सावलीच्या काळ्या रेघेनं ओळखू येतो. पूर्वेकडचा कडा मात्र उजळलेला असतो, तो तिथं जाऊनच कळतो.

दोन थरांच्या मधे कुठंकुठं विटकरी-लाल मातीचा पट्टा लागतो. कोरडा असेल तर काही नाही. ओला असेल तर टायर कुठलंही असो, धरत नाही. तिथं उतरायचं.

देवगिरीकर

संभाजीनगरापुरतं लिहितो.

शहर ५६८ मीटरवर, म्हैसमाळ १,०६७ वर. पाचशे मीटरचा चढ, पण दोन हप्त्यांत येतो. पहिला दौलताबादच्या पुढचा घाट, दुसरा खुलताबादपासून म्हैसमाळपर्यंतचे साधारण १२ किमी. घाटाला पर्याय शोधत किल्ल्याच्या तटबंदीत घुसू नका, ते संरक्षित स्मारक आहे. घाट डांबरीच चढा आणि खुलताबादच्या पठारावर गेल्यावर कच्चं सुरू करा. शूलिभंजनचा माथा आणि आजूबाजूचं माळरान हे शिकायला उत्तम ठिकाण. मुरूम पातळ, खाली कातळ, दृष्टीच्या टप्प्यात सगळं दिसतं. म्हैसमाळचा माथाही सपाट आणि गवताळ आहे, पण कडा एकदम तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली येतात, तेव्हा कड्याकडची वाट घ्यायची नाही.

पठारावरच्या खोलगट शेतांत काळी माती आहे. म्हणून खुलताबाद ते म्हैसमाळ पाणंदींनी जायचं असेल तर दिवाळीनंतर. त्याआधी डांबर बरं.

श्रावणात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी पहाटे दौलताबाद-खुलताबाद रस्ता टाळा. भद्रा मारुतीला शहरातून पायी जाणाऱ्यांची रांग असते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर सायकल ढकलायलासुद्धा जागा नसते.

वेरूळच्या लेण्यांच्या वरचं पठार सायकलसाठी धरूच नका. खाली लेणी आहेत, वरून सुटलेला दगड कुणाच्या डोक्यावर जाईल सांगता येत नाही.

शहराला लागून सातारा-देवळाईचे डोंगर आणि गोगाबाबा टेकडीचा भाग. सकाळी ऑफिसच्या आधी तास-दीड तास मिळतो त्यांच्यासाठी. मुरूम चांगला आहे, पाणी लगेच निचरतं, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी चालवता येतं. मात्र फिरायला येणारे पुष्कळ. उतारावर वळणाआधी घंटी वाजवा, चढणाऱ्याला आधी जाऊ द्या.

बालाघाटी

देवगिरीकर दादांनी पश्चिम सांगितली, आता आमच्याकडचं.

बालाघाट म्हणजे पठाराची कड. एकदा वर चढलात की शिखरं वगैरे काही नाही, लांबच लांब माळ आणि त्यात कापलेल्या दऱ्या. म्हणून इथं ‘डोंगरावर चढून उतरायचं’ असा बेत आखला की निराशा होते. कडेकडेनं जायचं, दरीच्या तोंडाशी आत वळायचं, परत कडेला यायचं, असा बेत आखा. २५ किमीत एकूण चढ ३००-३५० मीटर भरतो आणि एकही चढ लांब नसतो. पायांचा दम निघतो तो या छोट्या-छोट्या चढांनीच, कारण गिअर सारखे बदलावे लागतात.

बीडहून बिंदुसरेच्या खोऱ्यानं वर, मांजरसुंबा घाटाच्या बाजूचं पठार, तिथून कपिलधारकडं. धबधब्याकडच्या पायऱ्यांवर सायकल नको, यात्रेकरूंची वाट आहे. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणेची दरी आहे. तिची कड वरून बघत फिरावी, खाली जाणारी वाट चालत जायची. मराठवाड्याचा उन्हाळा बघितलेल्याला ऑगस्टमधला सौताडा खरा वाटत नाही, एवढंच वर्णन करतो आणि थांबतो.

पाटोद्याजवळच नायगाव मयूर अभयारण्य आहे, धाराशिवकडं येडशी-रामलिंग. दोन्ही अभयारण्यं, म्हणजे परवानगीशिवाय आत नाही. धाराशिव शहराजवळ हातलादेवीचा डोंगर आणि लेण्यांकडची बाजू सकाळच्या फेरीला चांगली.

माळरानाबद्दल एक. मार्च ते जून टिटवी आणि इतर पक्षी उघड्या मुरमावर अंडी घालतात. खड्यांत खडा, दिसत नाहीत. या महिन्यांत माळावर नवी वाट पाडू नका, मळलेल्या चाकोरीतूनच जा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या वाटेनं मागं फिरा.

नवखा_लातूर

लातूरहून. माझ्याकडं हायब्रिड आहे, ७०० बाय ३८, ट्यूबवाली, पुढं सस्पेन्शन ६३ मिमी. एवढ्यावर यातलं काय जमेल? का सरळ एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) घ्यावी?

चेनलिंक

@नवखा_लातूर शूलिभंजनचं माळरान, खरोशाच्या लेण्यांकडचा भाग, हत्तीबेटच्या आसपासच्या पाणंदी, हे सगळं ३८ च्या टायरवर होतं. फक्त दगडी उतार नको. ते ६३ मिमीचं सस्पेन्शन स्प्रिंगचं असतं, खडखड कमी करतं, धक्का झेलत नाही. आधी एक हंगाम याच सायकलवर फिरा. आज खर्च टायरवर करा.

आता टायर. हा विषय लांबणार.

आपल्या भागात हवा जाते ती तीन गोष्टींनी, आणि तिघींचं औषध वेगळं.

सराटा (गोखरू). जमिनीवर पसरलेली वेल, काटा आखूड आणि कडक. एका वेळी दहा-बारा घुसतात. ट्यूब असेल तर दिवस संपला. ट्यूबलेस असेल तर टायरच्या आत ओतलेलं सीलंट (भोक बुजवणारं पातळ रसायन) लगेच भरतं. काटे उपटत बसू नका, घरी जाऊन काढा.

बाभूळ, वेडी बाभूळ, बोर. काटा लांब. ट्यूबमध्ये तो बाहेरच्या बाजूनं शिरून आतल्या बाजूनंही निघतो, म्हणजे एका काट्याला दोन भोकं. लोक वरचं ठिगळ लावतात, चाक बसवतात, पाच मिनिटांत पुन्हा हवा गेलेली. म्हणून ठिगळ लावलेली ट्यूब फुगवून रिमकडची बाजू ओठांजवळून फिरवा, वारा लागतो. आणि टायरच्या आतून बोट फिरवताना हळू, काट्याचं टोक आत तुटून राहिलेलं असतं. बोटाऐवजी कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवला तर तो अडकतो आणि जागा सापडते.

फुटलेला बेसाल्ट. खडी फोडल्यासारख्या धारा असतात, त्या टायरची कड कापतात. कडेचा चिरा सीलंटनं भरत नाही, दोरीच्या प्लगनं (भोकात कोंबायची चिकट दोरी) क्वचित भरतो. इथं टायरच्या आतून तुकडा लावावा लागतो. जुन्या टायरचा ५ बाय ३ सेंमी तुकडा कडा तासून जवळ ठेवा. तो नसेल तर दुधाच्या जाड पिशवीची चौपदरी घडी करून आत ठेवा, वर ट्यूब घाला आणि हवा कमी ठेवून घरी या. ट्यूबलेसवाल्यांनीसुद्धा एक ट्यूब जवळ ठेवायची ती याचसाठी. आणि ती घालण्याआधी टायरमधले सगळे काटे काढायचेच, नाहीतर सीलंटनं इतके दिवस झाकलेले वीस काटे एकदम ट्यूबमध्ये.

सीलंट किती? २९ बाय २.२५ ला कंपनी १०० मिली म्हणत असेल तर आपल्याकडं १२०-१३०. मार्च ते जून दीड-दोन महिन्यांत सुकून आत रबराची साय धरते. वाल्वचा कोर (आतली झडप) काढून सायकलचा बारीक अ‍ॅलन की किंवा झिप टाय आत घाला. ओलं लागलं तर ठीक, कोरडं निघालं तर ६० मिली भरा. सायकल उन्हात गच्चीवर ठेवणाऱ्यांनी महिन्यातच बघा.

हवा किती? ७० किलोचा माणूस, ट्यूबलेस, २.२५ टायर: पुढं २२ ते २४ पीएसआय, मागं २५ ते २७. ट्यूब असेल तर दोन्हीकडं ८-१० वाढवा, नाहीतर धारेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापानं चावल्यासारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. पंक्चर बघून कारण ओळखा. शेजारी-शेजारी दोन असतील तर हवा कमी होती. समोरासमोर दोन असतील तर काटा.

सॅटेलाइट

माहिती झकास, पण ट्रॅक कुणीच टाकेना. जीपीएक्स (वाटेची जीपीएस फाइल) द्या ना राव. ‘सौताड्याची कड’ म्हणजे नेमकी कुठली वाट हे नव्या माणसाला कसं कळणार?

गायवाट

@सॅटेलाइट गायरान आणि सरकारी पाणंद असेल तर खुशाल टाका. अभयारण्यातला ट्रॅक इथं राहणार नाही, काढून टाकू. गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे, आत जायला वन्यजीव अधिनियमाखाली परवानगी लागते. राखीव वनातसुद्धा परवानगीशिवाय घुसणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा होतो. तुमच्या ट्रॅकवर तारीख, वेळ आणि नाव छापलेलं असतं हे विसरू नका.

सॅटेलाइट

कायदा मान्य. पण लपवून काय मिळतं? लोक उपग्रह चित्रावरून शोधतातच, आणि मग चुकीच्या ठिकाणी घुसतात. चांगली वाट उघड केली तर लोक त्याच वाटेवर राहतील, हेही खरं आहे की नाही?

बालाघाटी

अर्धं खरं आहे. गायरानात चालतं. पण ज्या वाटा शेताच्या बांधावरून जातात तिथं पाच जण गेले तर शेतकरी पाणी पाजतो, पन्नास जण गेले तर काटेरी फांद्या टाकतो. आणि तो बरोबर असतो. बांध तुटला की शेतातली माती जाते.

जमीन कुणाची ते घरबसल्या कळतं. महाभूनकाशावर गाव निवडा, गट नंबर बघा, त्या गटाचा सातबारा ऑनलाइन उघडा. खातेदाराच्या जागी सरकार, गायरान, वन विभाग किंवा माणसाचं नाव येईल. माणसाचं नाव आलं तर गावात जाऊन विचारायचं. पेरणी ते काढणी विचारूनही जाऊ नये. रिकाम्या रानातून जायला बहुतेक कुणी नाही म्हणत नाही.

सॅटेलाइट

बरं, गायरानातले तेवढेच टाकतो. शेतांवरून जाणारा भाग कापून.

पाणलोट

कुणी चरांचं लिहिलंच नाही, म्हणून लिहितो.

इथल्या उतारावर माणसं पडतात ती बहुतेक सलग समतल चरांत. पाणलोटाच्या कामात डोंगराला समोच्च रेषेनं आडवे चर खणतात, साधारण दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल, आणि माती उताराकडच्या बाजूला टाकून बांध करतात. आता हिशेब करा. खाली येताना पुढच्या चाकाला आधी खड्डा लागतो आणि लगेच समोर मातीचा उभा बांध. चाक खड्ड्यात बसतं, बांधाला थडकतं आणि स्वार हँडलवरून पुढं. वर चढताना उलटं, आधी बांध आणि मग खड्डा. वेग कमी असतो म्हणून फार लागत नाही, पण चेनरिंग बांधावर घासतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत कमरेइतकं असतं तेव्हा चर दिसत नाही. ओळखायची खूण अशी: उताराला आडवी, जास्त हिरव्या आणि उंच गवताची पट्टी, किंवा ओळीत लावलेली रोपं. रोपं बांधावर नाहीतर चराच्या लगत लावतात. एक चर दिसला की खाली आणखी आहेत हे धरून चला. उतार जितका तीव्र तितके ते जवळ-जवळ. उपग्रह चित्रात बारीक समांतर रेघा दिसतात, घरूनच बघून ठेवा.

ओलांडायचा तर काटकोनात, गुरांनी तुडवून उतरता केलेल्या जागी. तिरका घेतला तर पुढचं चाक चरात सरकतं. उडी मारून जायचा मोह होतो, पण पलीकडं उतरायला जागा किती आहे ते बांधामुळं दिसत नाही. चर जुना, गाळानं भरलेला असेल तर त्याची लाट होते आणि ती चालवायला फार छान लागते. असा उतार सापडला तर ऑक्टोबरनंतर फिरा.

ओढ्यात अनघड दगडी बांध असतात. रचलेले सुटे दगड, सिमेंट नाही. त्यावरून सायकल नेली तर वरची ओळ ढळते आणि पुढच्या पावसात बाकीचा बांध वाहून जातो. उतरून बाजूनं जा.

सॅटेलाइट

चराचा बांध मात्र मस्त सपाट असतो. डोंगराला वळसा घालणारी तयार वाटच आहे की ती.

पाणलोट

ती वाट नाही हो. बांधाची माती मोकळी असते, तिच्यावर टायरची चाकोरी पडली की तेवढ्या जागी उंची कमी होते. चर भरून पाणी तिथूनच फुटतं आणि खाली घळ पडते. एकदा घळ पडली की तिच्या खालचे सगळे चर एकामागून एक फुटतात. बऱ्याच गावांत हे काम लोकांनी श्रमदानानं केलेलं आहे. दोन चरांच्या मधल्या पट्ट्यातून जा, तोही आडवाच असतो.

गायवाट

पाणलोट, तलावांचंही लिहा की. विषयात तलाव आहेत.

पाणलोट

पाझर तलाव, गावतलाव, मध्यम प्रकल्प, सगळ्यांना तीन भाग असतात: भराव, सांडवा आणि काठ.

भरावाचा माथा मुरमाचा असतो. कोरडा असेल तर चालवा, पण पावसात नाही. ओल्या भरावावरची चाकोरी म्हणजे पाण्याला दाखवलेली वाट. पाण्याकडच्या बाजूचं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) पूर्ण वर्ज्य. जायकवाडीसारख्या मोठ्या धरणाच्या भिंतीवर तर परवानगीशिवाय जाताच येत नाही.

सांडव्यावर शेवाळ. घोट्याइतकं पाणी असलं तरी सायकलवरून जाऊ नका. उतरा, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा म्हणजे ती तुमच्या पायांवर ढकलली जाणार नाही. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल तर मागं फिरा, वर कुठंतरी पाऊस चालू आहे.

काठाची गंमत फेब्रुवारीनंतर. पाणी मागं सरतं, गाळ वरून सुकतो, पांढरी भेगाळ पापडी दिसते आणि खाली गुडघाभर चिखल. पापडीवर गुरांचे खूर उमटले असतील आणि ते खोल नसतील तरच जा. नाथसागराच्या (जायकवाडीच्या जलाशयाच्या) काठी याच जमिनीवर गाळपेर (पाणी हटलेल्या गाळातली पेरणी) असते, म्हणजे ते कुणाचं तरी शेत आहे. शिवाय जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित आणि बदकं काठालाच असतात. सायकल रस्त्यावर ठेवून पायी बघा.

चेनलिंक

गाळाचा विषय निघाला तर काळ्या मातीचंही सांगतो, कारण सगळ्यात महागडं नुकसान तिनं होतं.

ओली काळी माती टायरला चिकटते, तिला गवत आणि खडे चिकटतात, आणि पन्नास-साठ मीटरमध्ये चाक आणि फ्रेमच्या मधली जागा भरते. माणूस जोर लावतो. चेन चिखलानं जड झालेली असते, ती मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) ओढून स्पोकमध्ये नेते. मग हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा छोटा तुकडा) मोडतो, वाईट नशीब असेल तर डिरेलर आणि चार स्पोकही. म्हणून चाक जड झालं की पेडल मारणं तिथंच थांबवा. मागंही ओढू नका. सायकल उचला आणि मुरमावर किंवा गवतावर न्या. माती काडीनं खरवडा. पूर्ण सुकू दिली तर ती ढेकळांनी आपोआप गळते, ओली पुसली तर सगळीकडं पसरते. घरी धुताना प्रेशर पंप हब आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्यांच्या आसावर) मारायचा नाही, पाणी बेअरिंगमध्ये जातं.

हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. फ्रेमवरून काढून त्याचा फोटो आणि भोकांमधलं अंतर घेऊन दुकानात जा, एक जास्तीचा घेऊन ठेवा. संभाजीनगरात सगळे मिळतीलच असं नाही, मागवायला आठवडा जातो.

जोरदार पाऊस झाल्यावर मुरमाला एक ते दोन दिवस पुरतात, काळ्या मातीला कडक ऊन असेल तर पाच-सहा. वाटेत दोन्ही असतील तर काळ्याचा हिशेब धरा.

सुकल्यावर दुसरा त्रास. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या जशाच्या तशा कडक होतात, आणि एप्रिल-मेमध्ये भेगा इतक्या रुंदावतात की पुढचं चाक आत बसतं. भेग वाटेला समांतर असेल तर धोका, आडवी असेल तर नाही.

ब्रेकचं एक. पावसाळ्यात मुरमाची ओली भुकटी रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) बसते आणि रेझिनचे पॅड बघता-बघता झिजतात. त्या चार महिन्यांसाठी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घाला, पण आधी रोटरवर ‘फक्त रेझिन’ असं छापलेलं नाही ना ते बघा.

गोदाकाठ_नांदेड

तुम्ही सगळे बालाघाटातच फिरायलेत, जरा इकडं बी या. नांदेडजवळ वडेपुरीचा रत्नेश्वरीचा डोंगर आहे, सकाळच्या फेरीला चांगला. खरं जंगल पाहिजे असेल तर किनवट-माहूर. तिथं साग. सागाचं पान फेब्रुवारी-मार्चला गळून वाटेवर थर धरतंय. खाली दगड कुठं, मूळ कुठं, काय बी दिसत नाही, अन् पान पानावरून घसरतंय. वळणात पुढचा ब्रेक धरला की सायकल अंगाखालून गेली समजा. वळणाच्या आधीच वेग मारून घ्या, वळणात ब्रेक सोडून द्या. पैनगंगा अभयारण्य लागूनच आहे, हद्दीचे दगड बघून चला. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम, वनवाले जाळरेषा काढतात. ती रेषा रुंद अन् मोकळी दिसती म्हणून तिच्यावर शिरू नका, उगं वनरक्षकासोबत वाद होतो.

अन् झटका मशीन कुणी लिहिलं नाही. रानडुकरासाठी शेताभोवती तार असती, सोलरवर चालणारी. वाटेच्या आडवी बी असती, कुठं गुडघ्याला, कुठं छातीला. पांढरी नाहीतर पिवळी चिंधी बांधलेली असती, पण सगळीकडं नाही. संध्याकाळी तार दिसत नाही. ओलांडायला हुक असतंय, त्याला प्लास्टिकची मूठ असती, तिथं धरून काढा अन् परत लावा. झटक्याच्या मशीननं सहसा माणूस मरत नाही, पण काही जण सरळ लाइनची तार सोडतात, बेकायदेशीर आहे तरी. दिवस मावळायच्या आधी शेतशिवारातून बाहेर, हा नियमच करा.

देवगिरीकर

+१. पहाटेलाही तेच. शिवाय अजिंठ्याच्या रांगेत बिबट्या आहे. पूर्ण उजाडल्याशिवाय झाडीत शिरायचं नाही. मेंढरांच्या कळपाची कुत्री दिसली तर सायकलवरून उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवा, चालत राहा. पळालात की ती पाठलाग करतातच. धनगर हाक मारून थांबवतो, त्याला आधी रामराम घाला.

कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, कड्याखाली धूर करू नका. उठलंच तर सायकल टाका आणि तोंड झाकून पळा, पाण्यात बुडी मारून लपायचं नाही, माश्या वर थांबतात.

नवखा_लातूर

आमच्या गावाचं गायरान मोकळं आहे, उतार बरा आहे. पोरांसाठी दोन किमीची वाट काढायचा विचार आहे. कुठून सुरू करावं?

पाणलोट

आधी ग्रामपंचायतीचा ठराव. मग सुतळी आणि चुना घेऊन आखणी, खणणं सगळ्यात शेवटी.

सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १० मीटर चालल्यावर १ मीटर चढ. दुसरा नियम: वाटेचा चढ हा त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगरउतार १२ टक्के असेल तर वाट ६ च्या आत, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनंच पळतं. मोजायला लेव्हल पाइप पुरतो.

वाटेला दरीच्या बाजूला ५ टक्के कल द्या. दोन फूट रुंदीला एक इंच आणि वर थोडं. दर १०-१५ मीटरवर वाट थोडी खाली घेऊन परत वर काढा, म्हणजे पाणी तिथून बाहेर पडेल. आपल्याकडं पाऊस एकूण कमी असला तरी पडतो तेव्हा तासाभरात पडतो. वाट वाहून जाते ती त्या तासात.

टिकाव, फावडं, घमेलं, पहार, धुम्मस एवढं सामान. वरची काळपट माती बाजूला काढा, मुरूम लागेपर्यंत. भरावाला मुरूमच वापरा, पाणी मारून धुम्मसानं चार-चार बोटांच्या थरांनी ठोका. काम ऑक्टोबरमध्ये करा, जमिनीत ओल असते म्हणून मुरूम बसतो. मे महिन्यात केलं तर सगळी धूळ होते. ओल्या जागी दगडाचं सोलिंग, दगड आडवे न ठेवता उभे रोवा. चराच्या ओळी असतील तर वाट त्यांना जास्तीत जास्त दोनदा ओलांडेल अशी आखा, आणि त्या जागी चर बुजवू नका, खाली पाइप टाका.

नवखा_लातूर

धन्यवाद काका. शेवटचा एक. ट्यूबलेस केलं तर गावात हवा कशी भरायची? इथला पंक्चरवाला म्हणतो हा वाल्व त्याच्या पाइपला बसत नाही.

चेनलिंक

प्रेस्टा वाल्व (सायकलचा बारीक, लांब वाल्व) आहे म्हणून. पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, बोटाच्या पेराएवढा. वाल्वच्या टोकाचा बारीक नट आधी सैल करा, एकदा दाबून हवा ‘फुस्’ होते का बघा, मग अ‍ॅडॉप्टर फिरवून बसवा. त्यावर मोटारसायकलचा पाइप बसतो. त्याला सांगा टप्प्याटप्प्यानं भरायला, कॉम्प्रेसर क्षणात ६० वर नेतो आणि टायर रिमवरून निसटतं. रिकामं टायर रिमवर बसवताना मात्र वाल्व कोर काढून ठेवा, मोकळ्या नळीतून हवा जोरात जाते आणि कडा लवकर बसते. दोन अ‍ॅडॉप्टर घ्या, एक वाल्ववरच राहू द्या. ते हरवतात.